मालकांची पाटी आणि माझा खडू

वऱ्हाडात त्या काळी सूर्य पूर्वेलाच उगवत असे, पण आमच्या मालकांच्या पेपरात वाचल्याशिवाय तो उगवला यावर लोकांचा विश्वास बसत नसे. हे मी थट्टेनं लिहीत नाही. कापसाचा भाव बाजारात ठरायचा, पण शेतकरी तो खरा मानायचा पेपर हातात आल्यावर. तेल्हाऱ्याच्या एका गृहस्थांनी स्वतःच्या मुलाचं लग्न ठरल्याचं पेपरात येईपर्यंत शेजाऱ्यांना सांगितलं नव्हतं. छापून आल्यावर मात्र हातात पेपर घेऊन गावभर हिंडले. एकदा आमच्याकडे बातमी आली, की परतवाड्याची मोटार वेळेवर सुटत नाही, ड्रायव्हरचा चहा झाला की सुटते. मालकांनी ती जशीच्या तशी छापली. दुसऱ्या दिवसापासून ड्रायव्हर चहाचा ग्लास घेऊन मोटारीतच बसू लागला आणि गाडी ठोक्याला सुटू लागली. चौथ्या दिवशी हॉटेलवाला मालकांच्या दारात. "मालक, मोटारीची वाट पाह्यत चहा पेणारं गिऱ्हाईक गेलं माह्यं! आता माह्यीबी बातमी छापा." मालकांनी तीही छापली. अमरावतीला एक छापखाना, अकोल्याला दुसरा, आणि या दोन गावांमध्ये जे काही घडे ते मालकांना विचारून घडे, असा लोकांचा समज होता. मालकांचाही होता.

मी त्यांच्याकडे मुद्रितशोधक म्हणून लागलो तेव्हा चोविसाव्या वर्षात होतो. शुद्धलेखनाचा मला अभिमान होता, आणि मुलाखतीत तो मी नको तितका दाखवला. मालकांनी ऐकून घेतलं आणि त्या क्षणापासून माझं आईबापांनी ठेवलेलं नाव संपलं. "ए कानामात्रा, इकडं ये!" ही हाक पुढं चौदा वर्षं मी ऐकली. माणूस उंच नव्हता. धोतर, वर बंद गळ्याचा कोट, पायात करकरणारे जोडे. ते जोडे जिन्यावर वाजले, की खालच्या मजल्यावरचे छपाईचे खिळे जुळवणारे जुळाऱ्यांचे हात आपोआप वेगानं चालू लागत. स्वतः मालकांनी कधी चार ओळी सलग लिहिल्या नाहीत. अग्रलेख ते चालता चालता सांगत, आणि सांगत ते शुद्ध वऱ्हाडीत. "लिव. त्या मंत्र्याले म्हणा, कापूस पावसात भिजून राहिला अन् तू तिकडं घोरून राहिला काय?" मी लिही, 'या गंभीर प्रश्नाकडे सरकारचे अद्यापि लक्ष गेलेले दिसत नाही.' सकाळी ते वाचून मला बोलावत. "मी बोललो ते कुठी गेलं?" "तेच आहे, मालक." "तेच हाय, पण धुऊन इस्त्री केलेलं हाय. याच्यातला कापूस वाळला रे लेका."

टेलिफोनवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. अकोल्याच्या कचेरीशी बोलताना ते इतक्या मोठ्यानं बोलत, की अकोल्याला ते तारेशिवायही ऐकू गेलं असावं असं आम्हाला वाटे. बोलणं झालं की म्हणत, "त्याइले समजलं असन काय?" आणि समजलं की नाही हे पाहायला दुपारच्या गाडीनं बडनेऱ्यावरून स्वतः अकोला गाठत. तिथं गेले की अमरावतीच्या माणसांची तारीफ करत, इथं आले की अकोल्याच्या माणसांची. दोन्ही कचेऱ्या एकमेकींवर जळत राहत आणि काम चोख होई. यात काही युक्ती होती असं पुष्कळ लोक म्हणतात. मला वाटतं, युक्ती वगैरे काही नव्हती; समोर नसलेल्या माणसाबद्दलच त्यांना प्रेमानं बोलता येई.

आणि माणसं मोजण्याचं त्यांचं माप निराळं होतं. कोणी गेलं, की पेपरात त्याला किती ओळी द्यायच्या हे मालक ठरवत. वऱ्हाडातल्या प्रत्येक बऱ्यापैकी माणसाचा आकडा त्यांच्या डोक्यात आधीपासून तयार असे. अमुक पाच ओळींचा, तमुक अर्ध्या रकान्याचा. आमच्याकडे एक वृद्ध वकील येत. दम्यानं बेजार, पण चौकसपणा शाबूत. एकदा खुर्चीत बसता बसता त्यांनी विचारलं, "मालक, खरं सांगा, माह्या किती ओळी?"

मालकांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सात."

"सातच? चाळीस वर्षं वकिली केली मी!"

"हो, पण जिंकले किती?"

वकीलसाहेब रागानं उठले. दारापर्यंत गेल्यावर मालकांनी मागून हाक मारली, "वकीलसायेब, जगा अजून. वाढवतो ना!" आणि वकीलसाहेब खरोखर अकरा वर्षं जगले. गेले तेव्हा मालकांनी त्यांना पाव रकाना दिला.

पण मालकांची खरी सत्ता ना अग्रलेखात होती ना ओळींत. ती होती जुळारी खात्याच्या भिंतीला टांगलेल्या एका काळ्या पाटीवर. मालक कोणावर रागावले, की त्याचं नाव खडूनं या पाटीवर येई, आणि नाव पाटीवर आहे तोवर ते पेपरात येत नसे. दुसरी काही शिक्षा नाही. टीका नाही, शिवी नाही. माणूस फक्त नाहीसा होई. अचलपूरकडच्या एका पुलाचं उद्घाटन झालं तेव्हा उद्घाटक नेमके पाटीवर होते. आम्ही छापलं, 'पूल परवा सकाळी खुला झाला.' हारतुरे, भाषण, फीत, सगळं बातमीत होतं. माणूस तेवढा नव्हता. सारा वऱ्हाड हसला. 'पाटीवर गेला' हा शब्दप्रयोग तिकडे लोकांच्या तोंडी रूढ झाला होता, सासऱ्यानं जावयाशी बोलणं टाकलं तरी लोक तोच वापरत.

पाटीचे दोन रिवाज होते आणि ते नीट सांगितले पाहिजेत, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं. पहिला असा, की पाटीवरून उतरायचं तर त्या माणसानं मालकांच्या घरी यायचं. माफी मागायची नाही, विषय काढायचा नाही. मालक म्हणत, "जेवला काय?" पान वाढलं जाई, आंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर पोटात गेली, की दुसऱ्या दिवशी मालक धोतराच्या सोग्यानं नाव पुसत. मात्र यायचं त्यानं. मालक कोणाकडे जात नसत. दुसरा रिवाज म्हणजे नाव का लिहिलं हे मालकांना कोणी विचारायचं नाही. कधी ते स्वतः लिहीत, कधी जिन्यावरून ओरडत आणि जो जवळ असेल तो लिही. अक्षर कोणाचंही असे, राग मालकांचा. गंमत अशी, की तो राग दोन दिवसांत ते विसरूनही जात. एकदा पाटीवर त्यांच्या सख्ख्या मेव्हण्याचं नाव दिसलं. मालक चमकले. "हा इथी काहून?" हेड कंपोझिटर म्हणाला, "तुमीच तर सांगतलं, परवा." मालकांनी क्षणभर विचार केला, आठवलं काहीच नाही. "मंग केलंच असन त्यानं कायतरी," म्हणाले आणि जिना चढून गेले. स्वतःच्या रागावर इतका विश्वास मी दुसऱ्या कोणाचा पाहिला नाही.

आता गुरुजी. अकोल्याच्या एका शाळेत ते शिक्षक होते आणि तेल्हाऱ्याला मालकांच्याच बरोबर एका वर्गात शिकलेले. मालकांना अरेतुरे करणारा वऱ्हाडातला तो एकच माणूस. छप्पन साली गुरुजींनी सगळ्या कुटुंबासह दीक्षा घेतली. मालकांनी दीक्षेची बातमी पहिल्या पानावर घेतली आणि गुरुजींना टेलिफोनवर ओरडून विचारलं, "आता तरी खुश हाय ना बाप्पा?" गुरुजी दर रविवारी आमचे आठवडाभराचे पेपर पुढ्यात घेऊन बसत, त्यांतल्या चुका काढत आणि त्या पोस्टकार्डावर लिहून पाठवत. मंगळवारी कार्ड अमरावतीला पोचे. मालक सगळ्यांना गोळा करत आणि ते मला मोठ्यानं वाचायला लावत, कारण चुका माझ्या असत. "असा वाचक लागते पेपरले!" म्हणून ते मांडीवर थाप मारत. आठवड्याला सहा-सात चुकांची मला सवय झाली होती. गुरुजींचं अक्षर सुरेख होतं, त्यामुळे त्या चुका अधिकच ठळक दिसत.

एका मंगळवारी मला मुलगी द्यावी की नाही हे ठरवायला मोर्शीकडचे एक गृहस्थ कचेरी पाहायला आले. मालकांनी त्यांना खुर्ची दिली, पान दिलं आणि म्हणाले, "बसा, आमच्या कानामात्राचं काम पाहा." आणि कार्ड माझ्या हातात ठेवलं. त्या आठवड्यात अकरा चुका होत्या. मी एकेक वाचली. शेवटी गुरुजींनी लिहिलं होतं, 'तपासणारे गृहस्थ नवे आहेत की झोपलेले?' सगळी कचेरी खो-खो हसली. माझे होणारे सासरे हसले नाहीत, त्यांनी ते लक्षात ठेवलं. मुलगी दिली त्यांनी, पण पुढं तीस वर्षं दिवाळीला गेलो की विचारत, "काय जावईबापू, अकरा का बारा?"

त्या दुपारी जुळारी जेवायला गेले होते. मी पाटीजवळ गेलो, खडू उचलला आणि गुरुजींचं नाव लिहिलं. दोन वर्षं मालकांच्या पाटीवर मी त्यांच्या सांगण्यावरून नावं लिहीत आलो होतो. त्यांनी न सांगता लिहिलेलं हे पहिलं आणि शेवटचं. एक दिवस राहू द्यावं, उद्या सकाळी पुसावं, एवढाच विचार होता. राग चुकांचाच होता, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. पण त्याच गुणांचा एखादा शास्त्रीबुवा अकोल्याहून चुका काढत असता, तर मी खडू उचलला असता का, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. लिहायला बसलोच आहे तर तेही लिहितो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीत पोचण्यापूर्वी मालक आले होते. हात मागे बांधून पाटीसमोर उभे. मला वाटलं, आता ओरडतील, कोणी लिहिलं विचारतील. त्यांनी काही विचारलं नाही. दोनदा धोतराचा सोगा हातात घेतला आणि दोनदा सोडला. मग जोडे करकरत वर निघून गेले. ते काय समजले हे मला महिन्याभरानं उमगलं. ते समजले, हे आपणच लिहायला सांगितलं असणार, आणि आपण सांगितलं म्हणजे त्यानं काहीतरी केलं असणार. आता मला पुसता येईना. मालकांनी पाहिलेलं नाव मालकांखेरीज कोणी पुसायचं नसतं, आणि मीच लिहिलं म्हणावं तर नोकरी आणि लग्न दोन्ही जाणार. बोलायचं नाही, हे मी त्या दिवशी ठरवलं. नंतर नोकरी पक्की झाली, लग्न झालं, मुलं झाली, तरी ते तसंच ठरलेलं राहिलं.

पंधरा दिवसांनी गुरुजींनी वस्तीतल्या मुलांसाठी वाचनालय काढलं. आमच्या पेपरात आलं, 'अकोल्यात एक वाचनालय सुरू झाले.' गुरुजींनी वाचलं आणि समजायचं ते समजले. पोस्टकार्डं बंद झाली. दोन-तीन मंगळवार मालक विचारत राहिले, "टपाल पुरं आलं काय?" मग विचारायचे थांबले. आमच्या अकोल्याच्या बातमीदारानं गुरुजींना सुचवून पाहिलं, "अमरावतीले जाऊन एक डाव जेवून या ना, गुरुजी. उतरतेच नाव." गुरुजी म्हणाले, "मी कायी केलंच नाही भाऊ. जेवाले गेलो म्हणजे केलं होतं असं होते. त्याले वाटलं तर त्यानं यावं." आणि मालक कोणाकडे जात नसत. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. मधे मी बसलो होतो, रोज प्रुफं तपासत.

लोकांना कारण लागतं. त्यांनी ते शोधून काढलं: गुरुजींनी दीक्षा घेतली म्हणून मालकांनी त्यांना टाकलं. अकोल्याच्या बाजारात ते बोललं जाऊ लागलं, आणि एक दिवस मालकांच्या कानावर आलं. इतके संतापलेले मालक मी त्यापूर्वी पाहिले नव्हते. "अरे, दीक्षेले पयलं पान कोणं देल्लं? म्या देल्लं!" खोली हादरली. मग एकाएकी खाली बसले आणि आवाज उतरवून मला म्हणाले, "कानामात्रा, तू तं पाटीपाशीच बसतो. त्यानं काय केलं होतं रे? मले कायी केल्या आठवून नाही राहिलं."

सांगायची ती वेळ होती. खोलीत आम्ही दोघंच होतो. खिडकीतून राजकमल चौकाच्या बाजूनं टांग्यांचा आवाज येत होता. मी म्हटलं, "मलाही आठवत नाही, मालक."

ते म्हणाले, "मंग मोठंच कायतरी असन."

साठ साली नवं राज्य झालं, त्यानंतर तीन-चार वर्षांनी गुरुजी गेले. वर्गात शिकवता शिकवता खुर्चीत बसले आणि संपलं. अकोल्याहून टेलिफोन आला तेव्हा मालक नेहमीसारखे ओरडले नाहीत. इतकं हळू बोलले, की पलीकडच्या माणसाला तीनदा विचारावं लागलं. बातमी त्यांनी त्या दिवशी स्वतः लिहिली, हातानं, मी पाहिलेली त्यांची एवढीच लिखाणाची पानं. तपासताना मला दिसलं, प्रत्येक वाक्यात गुरुजींचं नाव आहे. वाचायला कसंसंच होत होतं, म्हणून मी तीन-चार ठिकाणी 'ते' आणि 'त्यांनी' केलं. मालकांनी कागद माझ्या हातून घेतला, मी केलेलं सगळं खोडलं आणि पुन्हा नाव लिहिलं. बातमीत ते नाव नऊ वेळा आलं. मग गाडीनं आम्ही दोघं अकोल्याला गेलो. अंत्ययात्रेत मालक सगळ्यांत मागं चालले. वऱ्हाडात ज्यांच्यासाठी सभा थांबत, त्यांना त्या गर्दीत कोणी पुढं या म्हटलं नाही. गुरुजींची कॉलेजात जाणारी मुलगी एकदा त्यांच्यापर्यंत आली, नमस्कार केला आणि वळून गेली.

त्यानंतर मालक चार वर्षं होते. राग त्यांना पूर्वीसारखाच येई, पण पाटी त्यांनी अंत्ययात्रेच्या दुसऱ्या दिवशीच भिंतीवरून काढायला लावली होती. लोक म्हणाले, म्हातारा नरम पडला.

गेल्या वर्षी अमरावतीत मालकांची जन्मशताब्दी झाली. त्यांच्या वेळचा हयात असलेला मी एकटाच, म्हणून मला पहिल्या रांगेत बसवून शाल दिली. बोलायला गुरुजींच्या मुलीला बोलावलं होतं. त्या प्राध्यापिका होत्या, आता निवृत्त झाल्या आहेत. त्या मालकांबद्दल चांगलंच बोलल्या. त्यांच्या पेपरानं वऱ्हाडाला बोलायला शिकवलं, असं म्हणाल्या. आणि शेवटी, आवाज जराही न चढवता, "पण माझ्या वडिलांनी धम्म स्वीकारला त्यानंतर वर्षभरात या पेपरातून त्यांचं नाव पुसलं गेलं आणि ते हयातीत पुन्हा आलं नाही, हेही शंभर वर्षांच्या हिशेबात लिहिलं पाहिजे." माझ्या खांद्यावर शाल होती. मी टाळ्या वाजवल्या.

आठ दिवसांनी मी अकोल्याला त्यांच्या घरी गेलो. चहा येण्यापूर्वीच सांगून टाकलं: नाव मी लिहिलं, मालकांनी नाही, त्यांनी फक्त स्वतःवर विश्वास ठेवला. त्या म्हणाल्या, "काका, हे मला सांगून काय उपयोग? मी जे बोलले ते चारशे लोकांनी ऐकलंय."

"लिहितो मी. छापायला देतो."

"तुमच्या नावानिशी?"

"हो."

त्यांनी मान हलवली. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मी विचारलं नाही. मी उठायला लागलो तेव्हा त्यांनी विचारलं, "मालक कधी बाबांबद्दल काही बोलायचे?"

तेव्हा मी त्यांना गाडीतलं बोलणं सांगितलं. अंत्ययात्रेच्या दिवशी बडनेऱ्याहून निघालो तेव्हा मालक खिडकीबाहेर पाहत एकदम म्हणाले होते, "मास्तर त्याले वर्गात बसू देत नव्हता. व्हरांड्यात बसवे. मंग मी काय करो, मास्तरची टोपी लपवो, नाही तं कोणाले चिमटा काढो. की मास्तर छडी मारे अन् ओरडे, 'जाय बाहेर!' मले तेच पाह्यजे होतं. मंग आमी दोघं दिवसभर बाहेर. मातीत बोटानं गणितं करो आमी. त्याची सारी बरोबर येत, माह्यी एकबी नाही. पोरं म्हणत, ह्याले रोज मार कसा बसते? अरे, मार परवडला. आत गणित कोण शिकवे मले?"

बाईंनी कप खाली ठेवला. "बाबा व्हरांड्यात बसायचे, हे आम्हाला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "सोबत कोणी होतं, हे नव्हतं माहीत." आणि मग, "अजून काही सांगायचे? सांगा ना."

मी आठवून पाहिलं. आठवण्यासारखं माझ्यापाशी काही नव्हतं. "एवढंच मला ठाऊक आहे, ताई," मी म्हटलं. "बाकीचं म्हातारपणी त्या दोघांनी एकमेकांना सांगायचं होतं."